रोपांची मूळकूज आणि बुरशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिशवीत, ट्रेमध्ये किंवा गादीवाफ्यावर बियांपासून झाडांची रोपं करणाऱ्यांकडून पावसाळ्यात जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः देशी झाडांच्या छोट्या रोपवाटिकांसाठी आहेत: घराच्या मागे शंभर पिशव्या असोत की शाळेच्या आवारात दोन हजार. औषधाचं नाव शोधत आला असाल तर ते खाली मिळेल, पण आधीचं पाण्याविषयीचं वाचल्याशिवाय त्याचा उपयोग होणार नाही.

सकाळी रोप हिरवंगार होतं, संध्याकाळी आडवं पडलं. असं एकाएकी काय होतं?

याला रोपं कोलमडणं किंवा नुसतं ‘मर’ म्हणतात. खोड कोवळं असेपर्यंत, म्हणजे उगवल्यापासून साधारण तीन-चार आठवडे, ही भीती सर्वांत जास्त. मातीला लागून खोड पाणचट होतं, तिथेच बारीक पडतं आणि वरची पानं हिरवी असतानाच रोप लवंडतं. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियम हे मातीतले बुरशी किंवा बुरशीसारखे जीव ही यामागची नेहमीची मंडळी. बऱ्याचदा एकाच पिशवीत यांतले दोन-तीन मिळून काम करतात, त्यामुळे नुसत्या नजरेने अमुकच आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

वाफ्यात किंवा ट्रेमध्ये ही मर ठिपक्याठिपक्याने सुरू होते आणि तिथून गोलाकार पसरते. मेलेली रोपं तर काढायचीच, पण त्या गोलाच्या कडेची धडधाकट दिसणारी रोपंही मातीसकट काढून टाका. जीवावर येतं, पण कडेची रोपं आधीच लागलेली असतात.

याच रोगाचं एक रूप लक्षातच येत नाही: बी मातीबाहेर येण्याआधीच कुजतं. मग बी पोचट निघालं म्हणून विकणाऱ्याला दोष दिला जातो. उगवण कमी झाली तर चार-पाच बिया उकरून पाहा. टणक आणि जशीच्या तशी असेल तर बी अजून सुप्तावस्थेत आहे. कोंब फुटून तपकिरी, लिबलिबीत झालेली असेल तर दोष आपल्या वाफ्याचा.

पानं मलूल दिसली म्हणून पाणी वाढवलं, तर रोप आणखीच खचलं. का?

कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मूळ गुदमरतं, आणि गुदमरलेलं मूळ पाणी वर ओढू शकत नाही. म्हणजे रोप पाण्यात उभं असूनही पानांना तहान लागलेली असते. आपण पाहतो फक्त पान, आणि झारी उचलतो. आमच्या पाहण्यात पिशवीतली रोपं उन्हाळ्यात तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त पावसाळ्यात अशा मायेने मरतात.

दुपारी मान टाकलेलं रोप संध्याकाळी सावरलं तर उन्हाचा ताण होता. सकाळी सकाळीही ते मलूल असेल आणि माती ओली असेल तर बिघाड मुळात आहे. अशा वेळी पाणी बंद.

मूळकूजच आहे हे नक्की कसं ओळखायचं?

एक रोप बळी द्या. पिशवी उभी चिरा, माती बादलीतल्या पाण्यात हलवून सोडवा आणि मुळं बघा. निरोगी कोवळी मुळं पांढरट किंवा फिकट पिवळी, ओढली तर ताण देणारी. कुजलेली मुळं तपकिरी-काळी, आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल हातात येते, आत नुसता दोरा उरतो. वासही सांगतो, चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास येतो, कुजलेल्या पिशवीला गटाराचा. काही झाडांची मुळं मुळातच गडद रंगाची असतात, म्हणून एकट्या रंगावर जाऊ नका. त्याच जातीचं एक चांगलं रोप शेजारी ठेवून तुलना करा.

मुळं बरी आहेत पण रोप एका बाजूने सुकतंय, अशा वेळी खोड तिरकं कापून पाहा. आत तपकिरी रेघा दिसल्या तर फ्युजेरियमची शंका घ्यावी. खोडाच्या बुंध्याशी पांढऱ्या तंतूंचं पंख्यासारखं जाळं आणि त्यावर मोहरीच्या आकाराचे पांढरे, मग तपकिरी होणारे दाणे असतील तर ते स्क्लेरोशियम, तीही मातीतलीच एक बुरशी. उष्ण, दमट हवा आणि अर्धवट कुजलेलं शेणखत हे त्याचं माहेर. त्याचे दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून ती पिशवी आख्खी बाहेर काढा आणि ती माती पुन्हा कशातही वापरू नका.

मातीवर पांढरी बुरशी धरली आहे. रोप जाणार का?

बहुतेक वेळा नाही. कोकोपीट, गांडूळखत किंवा शेणखतावर येणारी कापसासारखी बुरशी तिथला मेलेला पालापाचोळा खात असते, तिला जिवंत रोपाशी काही घेणंदेणं नसतं. पण ती आली म्हणजे वरचा थर सतत ओला आहे आणि वारा खेळत नाही, एवढी पक्की बातमी तिच्याकडून मिळते. काडीने वरची माती हलवा, पिशव्यांमध्ये अंतर ठेवा, दोन दिवस पाणी देऊ नका. बुरशी आपोआप जाते.

हिरवं शेवाळही असंच. ते रोपाला खात नाही, पण त्याची पापडी धरली की पाणी आत मुरत नाही आणि हवा जात नाही. खरवडून काढा. कुंडीत एका रात्रीत उगवणाऱ्या पिवळ्याधमक छोट्या छत्र्यांनीही झाडाला अपाय होत नाही. मात्र त्या विषारी असतात, लहान मुलं आणि पाळीव जनावरं असतील त्या घरात लगेच उपटून टाकाव्यात.

मुळांवर गाठी दिसल्या. हा रोग आहे का?

झाड कोणतं आहे ते आधी सांगा! करंज, खैर, शिरीष, शिसव यांच्या मुळांवर गाठी असणं ही आनंदाची गोष्ट आहे; त्यांत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू राहतात. या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज निघतात, आणि काम करणारी गाठ फोडली तर आतून गुलाबी दिसते. सूत्रकृमीची (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींची) गाठ वेगळी: तिथे मूळच सुजलेलं असतं, त्यामुळे ती खरवडून निघत नाही. बहावा आणि चिंच शेंगेच्या कुळातले असले तरी त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. म्हणून बहाव्याच्या मुळावर गाठी दिसल्या तर खुशाल संशय घ्या.

पिशवी भरायला माती कशी हवी?

रोपवाटिकांमध्ये चालत आलेलं मिश्रण म्हणजे माती दोन भाग, वाळू एक भाग, शेणखत एक भाग. पण ‘माती’ कोणती, यावर सगळं अवलंबून. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीला वाळू कमी लागते. देशावरची, मराठवाड्या-विदर्भातली काळी माती असेल तर हे प्रमाण उलटं करा. एक भाग काळी माती आणि बाकी वाळू, बारीक मुरूम, भाताचं तूस, खत. नुसती काळी माती भरलेली पिशवी पावसाळ्यात घट्ट लगदा होते आणि उघडीप पडली की विटेसारखी वाळते.

शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. मुठीत घेतलं तर गरम लागू नये, त्याला शेणाचा वास येऊ नये. कच्च्या खताबरोबर हुमणी येते, वाळवी येते आणि वर सांगितलेलं स्क्लेरोशियमही पोसलं जातं.

मिश्रण झालं की एक पिशवी भरून भरपूर पाणी घाला आणि बघा. पाणी काही सेकंदांत खालून गळायला लागलं पाहिजे. वर तळं साचून राहिलं तर वाळू वाढवा. पिशवीच्या खालच्या भागाला भोकं किती आहेत हेही मोजा. बाजारातल्या कित्येक पिशव्यांची भोकं अर्धवट पाडलेली असतात आणि त्यांची चकती आतच लटकत राहते. पंचने आणखी सात-आठ पाडायला काही लागत नाही.

मेलेल्या रोपांची माती पुन्हा वापरता येईल?

मूळकुजीने मेली असतील तर नको. दुसरं कारण असेल तर माती उन्हात तापवून घ्या. यासाठी आपल्याकडचा उन्हाळा हे फुकटचं औषध आहे. एप्रिल-मेमध्ये माती पसरून ओली करायची, त्यावर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद घट्ट अंथरायचा, कडा मातीने दाबायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. कागद पारदर्शकच हवा. काळा कागद स्वतः तापतो, माती तेवढी तापत नाही. आणि माती ओलीच हवी, कारण ओलाव्यामुळे उष्णता खोल जाते आणि कोरड्या अवस्थेत चिवटपणे पडून राहणारे बीजाणू जागे होऊन मरतात. पुढच्या वर्षीच्या गादीवाफ्याचीही हीच तयारी करून ठेवावी. जूनमध्ये हे सुचून उपयोग नाही.

कोणतं बी कधी पेरावं म्हणजे मर कमी होईल?

मर टाळण्याचा निम्मा भाग तारखेत आहे. करंज, चिंच, बहावा यांच्या शेंगा उन्हाळ्याच्या आसपास तयार होतात आणि ही बी टिकतात. बहाव्याचं कवच कठीण असल्यामुळे त्यावर गरम पाण्याचा किंवा घासण्याचा संस्कार करावा लागतो. अशा जाती फेब्रुवारी-मार्चपासून पेरल्या तर पाऊस सुरू होईपर्यंत खोड लाकडी झालेलं असतं आणि नाजूक काळ कोरड्या हवेत निघून जातो.

खरी अडचण जांभूळ, फणस, आंबा आणि कडुनिंबाची. त्यांच्या बिया साठवून टिकत नाहीत, ताज्याच पेराव्या लागतात, आणि फळं पिकतात नेमकी मे ते जुलैच्या दरम्यान. म्हणजे पेरणी आणि बुरशीचा हंगाम एकच. इथे गर धुण्यात आळस नको. जांभळाच्या किंवा निंबोळीच्या बीला गर चिकटून राहिला तर पहिली बुरशी त्यावरच येते. बी वाळूत चोळून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, सावलीत वरवर सुकवून लगेच पेरायचं. उन्हात वाळवलं तर बुरशी येणार नाही, पण रोपही येणार नाही.

पेरताना बीच्या जाडीच्या दुपटीपेक्षा खोल जाऊ नका. कोंबाला मातीत जितका लांब प्रवास, तितकी त्याला गाठायला रोगाला सवड. पेरणीनंतर वर जाड वाळूचा अर्धा-पाऊण सेंटिमीटर थर दिला तर खोडाचा मातीलगतचा भाग लवकर कोरडा होतो. या एका थराचा आम्हाला कुठल्याही पावडरीपेक्षा जास्त उपयोग झाला आहे.

पाणी किती आणि केव्हा द्यायचं?

दिवसातून इतक्या वेळा, असं ठरवून दिलं की चुकतंच. पिशवी उचलून पाहायची सवय लावा. ओली आणि सुकलेली यांच्या वजनातला फरक आठवड्याभरात हाताला कळू लागतो. पाणी सकाळी द्या. संध्याकाळच्या पाण्याने पानं आणि माती रात्रभर ओली राहतात. झारीला बारीक छिद्रांचा फवारा हवा. पाइपाच्या धारेने माती उडून पानांवर बसते आणि रोगही तिच्याबरोबर चढतो.

उन्हाळ्यात पाणी टिकावं म्हणून बऱ्याच ठिकाणी पिशव्या खोलगट वाफ्यात मांडतात. मार्च-एप्रिलमध्ये ते बरोबर आहे, पण पहिल्या पावसाआधी त्या बाहेर काढून मुरमाच्या किंवा खडीच्या उंच थरावर ठेवल्या नाहीत तर तोच वाफा हौद होतो. पिथियम आणि फायटोप्थोराचे बीजाणू साचलेल्या पाण्यात अक्षरशः पोहतात. एका पिशवीतून दुसरीत जायला त्यांना तेवढं तळं पुरतं.

शेडनेट पावसाळ्यात ठेवावी का?

ढगाळ दिवसांत पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी म्हणजे अंधारात अंधार. रोपं उंच, किरकोळ होतात आणि खाली ओल सुकत नाही. शिवाय जाळीवर जमलेले मोठे थेंब टपटपून माती घट्ट बसवतात. कोवळ्या रोपांवर मुसळधार पाऊस नको हे खरं, म्हणून उगवणीच्या ट्रेंवर पारदर्शक कागदाचं छत करा, पण चारही बाजू उघड्या ठेवा. चार-सहा पानांवर आलेली रोपं उघड्यावरच बरी.

ट्रायकोडर्मा खरंच चालतो?

चालतो, आधी दिला तर. ट्रायकोडर्मा ही स्वतः एक बुरशी आहे. रोगकारक बुरशीच्या आधी तिने मुळाभोवती जागा धरली तर ती राखण करते. रोग झाल्यावर ओतून चमत्कार होत नाही. बियांना किलोमागे ५ ग्रॅम चोळा. मातीसाठी १ किलो पावडर १०० किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून गोणपाटाखाली सावलीत आठ-पंधरा दिवस ठेवा, मधून हलवत राहा आणि मग तेच खत पिशव्यांच्या मिश्रणात वापरा. घेताना पाकिटावरची मुदत बघा. उन्हात तापलेल्या दुकानातलं पाकीट म्हणजे बहुधा मेलेली बुरशी. तांब्याचं बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकत्र देऊ नका, दोन्हींत पंधरा दिवसांचं अंतर ठेवा.

रासायनिक बुरशीनाशक कोणतं वापरावं? दुकानदाराने कार्बेन्डाझिम दिलं, फरक पडला नाही.

रोग पिथियम किंवा फायटोप्थोराचा असेल तर पडणारही नाही. हे दोघं दिसतात बुरशीसारखे, पण खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांच्या पेशीभित्ती आणि जगण्याची रीत वेगळी, त्यामुळे कार्बेन्डाझिम त्यांना लागू होत नाही. त्यांच्यासाठी मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचं मिश्र बुरशीनाशक लिटरला २ ते २.५ ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला २.५ ते ३ ग्रॅम घेऊन मुळाशी आळवणी करतात. आळवणी म्हणजे पिशवीची माती भिजेल इतकंच ओतायचं, आणि तेही माती थोडी सुकल्यावर. चिखलात ओतलेलं औषध गळून जातं. मेटालॅक्झिल दर आठवड्याला वापरू नका, रोग त्याला लवकर सरावतो.

लेबल वाचा, हातमोजे घाला, उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. रोग ओळखता येत नसेल तर मातीसकट रोप जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. मेलेलं नको, मरायला टेकलेलं न्या. मेलेल्यावर कुजवणारे सगळेच येऊन बसलेले असतात.

बोर्डो मिश्रण घरी करता येतं?

येतं, आणि छोट्या रोपवाटिकेला ते परवडतं. फ्रान्समधल्या बोर्डो भागात पिएर मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते द्राक्षावरच्या डाऊनी (केवडा) रोगासाठी पुढे आणलं. वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना मारत, त्या वेली रोगातून वाचलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. नाशिक-सांगलीकडे डाऊनी नाव ऐकून झोप उडणारे बागायतदार कमी नाहीत. ती फायटोप्थोराच्याच गणगोतातली, म्हणून हे मिश्रण आपल्या रोपांनाही कामी येतं.

एक टक्क्याचं दहा लिटर मिश्रण करायचं तर १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना विरवून दुसऱ्या पाच लिटर पाण्यात. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची अजिबात नको. तयार मिश्रणात घासलेला विळा किंवा सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, पानं भाजतील. थोडी चुन्याची निवळी वाढवा. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. अगदी कोवळ्या दोन पानांच्या रोपांवर अर्ध्या टक्क्याचंच करा.

हळद, दालचिनी, राख, ताक?

हळद-दालचिनीने मातीवरची वरवरची बुरशी थोडी दबते. कुजलेल्या मुळापर्यंत ती पोचत नाहीत. राखेने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि आपली काळी माती आधीच विम्ल (अल्कधर्मी) आहे, तेव्हा मुठीने राख टाकू नका. ताकाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते प्यावं.

लागलेलं रोप वाचवता येतं का?

कोलमडलेलं कोवळं रोप नाही. त्याच्यावर वेळ घालवण्यापेक्षा नवीन बी लावा. मोठं रोप असेल, निम्मी मुळं अजून पांढरी असतील आणि ते दुर्मिळ झाडाचं किंवा महागड्या कलमाचं असेल तर प्रयत्न करावा. कुजलेली मुळं निर्जंतुक कात्रीने निरोगी भागापर्यंत कापा, मुळं बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवा, पानं निम्मी कमी करा आणि वाळू जास्त असलेल्या नव्या मिश्रणात, लहान पिशवीत लावून सावलीत ठेवा. मोठी पिशवी दिली तर न वापरलेल्या मातीत पाणी साचून पुन्हा तेच. नवीन पालवी फुटेपर्यंत खत देऊ नका, विशेषतः युरिया. नत्राने वाढणारी लुसलुशीत फूट रोगाला आवडते.

काढून टाकलेली रोपं कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. आणि काम करताना आधी निरोगी रोपांना हात लावा, शेवटी आजाऱ्यांना. हाताने आणि खुरप्याने रोग फिरतो.

संत्र्याची कलमं आणायची आहेत. काय पाहावं?

नागपुरी संत्र्यात फायटोप्थोरा रोपवाटिकेतूनच बागेत येतो आणि पुढे डिंक्याच्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाच्या, रूपाने वर्षानुवर्षं छळतो. म्हणून कलम घेताना शेंड्याच्या पालवीपेक्षा मुळांकडे पाहा. तंतुमुळं भरपूर आणि फिकट रंगाची हवीत. डोळा (कलमाचा जोड) जमिनीपासून निदान वीतभर उंचीवर बांधलेला हवा, आणि लावताना तो मातीत जाता कामा नये. ज्या रोपावर कलम बांधतात तो खुंट जंबेरीचा असेल तर वाढीला जोमदार, पण मूळकुजीला हळवा. त्या मानाने रंगपूर लिंबाचा खुंट जास्त सोसतो.

वृक्षलागवडीसाठी फुकट रोपं मिळाली आहेत. तपासायची कशी आणि लावायची कशी?

दर दहा-वीस पिशव्यांमागे एक फाडून पाहा. मुळं काळी असतील तर तो गठ्ठा नाकारा. नुसती फुकट आहेत म्हणून आजारी रोपं गावच्या जमिनीत नेऊ नका. मुळं निरोगी पण पिशवीच्या तळाशी गुंडाळी झालेली असतील, तर ती गुंडाळी कापून लावता येतात.

काळ्या जमिनीत खड्डा घेऊन त्यात शेणखत आणि पोयटा भरला की आजूबाजूचं पाणी त्या भुसभुशीत जागेत उतरतं आणि निचरा कुठेच होत नाही. अशा जमिनीत भरलेला खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच राहील असा उंचवटा करा आणि रोप त्याच्या माथ्यावर, पिशवीत होतं त्याच खोलीवर लावा. खोडाला माती चढवू नका, आच्छादनही खोडापासून चार बोटं दूर ठेवा. जुलैत सलग पाऊस लागला असेल तर चार दिवस थांबा. वाफसा आल्यावर लावलेलं रोप चिखलात कोंबलेल्या रोपाला मागे टाकतं.